उंडीच्या आडचं घर

श्रीपत,

तू गेल्याचं मला मोरणेच्या पात्रात कळलं. कचेरीतून घरी, जुन्या शहराकडे परतत होतो. वैशाखातली नदी, घोटाभर पाणी. हिवरखेडचा एक गाडीवान बैलांना पाणी पाजत उभा होता. त्याने मला ओळखलं आणि म्हणाला, "वकीलसाहेब, श्रीपतभाऊ गेले ना जी." मी विचारलं, कुठे? मला खरंच वाटलं, अमरावतीला कुणाच्या तरी घराची आखणी करायला गेला असशील. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "हैजा झाला होता."

पटकी. पुढे नदी कशी ओलांडली ते आठवत नाही. घरी पोचलो तेव्हा एका पायात जोडा नव्हता, आणि बायको विचारत होती की काय झालं, आणि मला ते वाक्य तोंडातून काढता येत नव्हतं. आजही नीट काढता येत नाही. म्हणून तुझ्याशीच बोलतो. तू मध्येच तोडशील, अशी सवयीने वाट बघत बोलतो.

आपली ओळख एका धुऱ्यामुळे, शेताच्या बांधामुळे झाली. तुमच्या वावराचा धुरा शेजाऱ्याने नांगरून आत सरकवला होता आणि त्या दाव्यासाठी तू वडलांबरोबर अकोल्याला आला होतास. वडील हकिकत सांगत होते आणि तू माझ्या बैठकीच्या छताकडे बघत होतास. मी जरा चिडून विचारलं, लक्ष कुठे आहे? तू म्हणालास, "तुमी इथं दुपारी कसे बसता जी? पश्चिमेले एवढी मोठी खिडकी अन् पूर्वेले भिंत. हे घर हाये का भट्टी?" वडील तुझ्यावर खेकसले. मला मात्र त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं की दुपारी माझं डोकं का चढतं. दावा आपण जिंकलो. पुढच्या उन्हाळ्याआधी तू येऊन, स्वतः उभा राहून ती खिडकी बुजवून घेतलीस आणि पूर्वेला दुसरी काढलीस. मी मजुरी विचारली तर तुला राग आला. "मी गवंडी हाओ का? वावरवाला माणूस हाओ. मले दिसलं, मी सांगतलं."

तुझा राग मोठा होता आणि फेटाही मोठा होता. चारचौघांत तू मला 'वकीलसाहेब, तुमी' म्हणायचास. भांडण झालं की सरळ 'तू' वर यायचास. तुला कधी सांगितलं नाही, पण म्हणूनच मला आपली भांडणं आवडायची.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिका नावाच्या मुलखात लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आपल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. अकोल्यात, अमरावतीत जो तो घर बांधायला निघाला. कालपर्यंत कुडाच्या भिंतीत राहिलेली माणसं मुंबईहून रंगीत काचा मागवू लागली. तुझं नाव तोवर झालं होतं, म्हणून तुला बोलावणी यायची. अमरावतीच्या एका अडत्याने तुला तीन मजल्यांचं, समोरून सगळं काचेचं घर आखायला सांगितलं तेव्हा तू दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊन धडकलास. पाणी प्यायच्या आधी म्हणालास, "वरातीचा घोडा रोज बसायले कोण ठेवते? त्याले तो घोडाच पायजे." त्या माणसाने शेवटी दुसऱ्याकडून घर बांधून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याची मंडळी तळमजल्यावरच्या कोठारात, सरकीच्या पोत्यांजवळ निजत होती, असं तू मला फार समाधानाने सांगितलंस. तुझा हा गुण मला कधीच आवडला नाही. दुसऱ्याचं चुकलेलं तुला गोड लागायचं.

माझ्या आईला मात्र तुझं सगळंच आवडायचं. ती नऊ वर्षांची असताना लग्न होऊन अकोल्यात आली. तिचं माहेर आणि आमचं मूळ गाव एकच, अलिबागच्या खाली, समुद्राकाठी. आजोबा तिथून वऱ्हाडात आले तेव्हा आमची वाडी तशीच मागे राहिली. माड, पोफळी, आणि जुन्या घराचा एक चौथरा. आई जन्मभर काळ्या मातीत राहिली, कधी तक्रार केली नाही. वडील गेल्यावर वर्षश्राद्ध झालं आणि ती मला म्हणाली, "आता मला तिकडे पोचव." मी म्हटलं, तिकडे आहे काय? ती म्हणाली, "समुद्र आहे."

तर मी तिच्यासाठी घर बांधायचं ठरवलं, आणि घर म्हटल्यावर तुझ्याशिवाय दुसरं नाव मनात आलं नाही. तू समुद्र पाहिलेला नव्हतास, हे खरं तर अडचणीचं होतं. तू म्हणालास, "जमीन पाहिली ना मी. मंग झालं."

जिथवर आगगाडी आली होती तिथवर आपण बैलगाडीने गेलो, आई, तू आणि मी. मग मुंबई, आणि मुंबईहून शिडाचा पडाव. त्या पडावात तू डोलकाठीला मिठी मारून डोळे मिटून बसलास. तांडेल हसायला लागला. तू एक डोळा उघडून त्याला म्हणालास, "एक दिवस वावरात ये. तुले वखरावर उभा करतो, मंग हास." आईने तोंडाला पदर लावला होता. तिला इतकं हसताना मी वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

गावी पोचल्यावर तू एकटाच खाली किनाऱ्यावर गेलास. मी वरून बघत होतो. तू बराच वेळ उभा राहिलास, मग वाकून ओंजळीत पाणी घेतलंस, चाखलंस आणि थुंकलास. वर आलास तेव्हा चेहरा पडलेला होता. "एवढं पाणी," तू म्हणालास, "अन् एका रोपट्याच्या कामाचं नाही."

तुझी जागा पाहायची रीत मला माहीत होती, पण तिथे पहिल्यांदा जवळून पाहिली. तू कमरेच्या पिशवीत वेचणीचा स्वच्छ कापूस घेऊन हिंडायचास. जागेवर सकाळी येऊन बसायचं, काही करायचं नाही, आणि मधूनमधून बोटांनी कापूस पिंजून त्याचा एक पुंजका सोडून द्यायचा. तो कुठे जातो, कुठे रेंगाळतो, कुठे खाली बसतो, ते बघायचं. कोळ्यांची पोरं तुझ्याभोवती जमली. त्यांना कापूस म्हणजे नवलच होतं. तू त्यांनाही पुंजके दिलेस आणि सगळी वाडीभर सोडायला लावलेस.

मी तुला माझं म्हणणं आधीच समजावलं होतं. किनाऱ्यालगतच्या उंचवट्यावर घर. खाली ओटी, वर लांब माडी, माडीला समुद्राकडे ओळीने खिडक्या. समोर उंडीच्या जुन्या झाडांची रांग होती, ती तोडायची; केवड्याचं बन काढून टाकायचं. म्हणजे समुद्र मोकळा. संध्याकाळी तू मला हात धरून उंचवट्यावरून खाली आणलंस, उंडीच्या मागे, जिथे जमीन जरा सखल होत जाते तिथे, आणि टाच रोवून म्हणालास, "इथं."

"इथून समुद्र दिसत नाही."

"ऐकू येते ना?"

"मला दिसायला हवा आहे, श्रीपत. एवढ्या लांब येऊन झाडांची पाठ बघत बसू?"

"मंग उठून जा अन् पाहून ये. पाय हायेत ना तुले?"

तू 'तू' वर आलास, म्हणजे भांडण सुरू झालं. उंचवट्यावर सोडलेला कापूस माडांच्या शेंड्यांवरून दिसेनासा झाला, असं तू सांगितलंस; उंडीच्या मागे तो तरंगत राहिला. ऐन उन्हाळ्यातला वारा असा असेल तर आषाढातला कसा असेल, असं तू विचारलंस. मी म्हटलं, भिंती जाड घालू. तू म्हणालास, "वादळात माणूस छाती काढून उभा राहते का? घोंगडी ओढून खाली बसते. घरानंबी तसंच बसाव." मी म्हटलं, मुंबईत मोठमोठे बंगले समुद्राच्या तोंडावर उभे आहेत. तू म्हणालास, त्याईले नोकर हायेत, रोज काचा पुसाले.

आई चौथऱ्यावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या घरातून समुद्र कधीच दिसला नाही. दिवसातून एकदा जाऊन भेटून यायचो." मग तुझ्याकडे वळून विचारलं, "आणि छप्पर कसं करणार आहेस?"

तू ऐटीत सांगितलंस. सागाच्या तुळया, वर काड्या, वर पांढरी माती चोपून धाबं. हिवरखेडला तुझं स्वतःचं आहे तसं, ज्यावर माणसं उन्हाळ्यात झोपतात. आई म्हणाली, "अरे, आमच्या पावसाच्या पहिल्या पंधरवड्यातच तुझं धाबं खिरीसारखं पानात येईल." मला मनातून फार बरं वाटलं. मग तू चार-दोन दिवस गावातली घरं बघत फिरलास. नळ्याच्या कौलांची उतरती छपरं, माणसाला वाकून आत शिरावं लागेल अशा पडव्या, सगळं हात लावून पाहिलंस. परत आल्यावर आईला म्हणालास, "माय, मी तुमची परीक्षा पाहून रायलो होतो." चूक झाली असं तू आयुष्यात एकदाही म्हणाला नसशील.

पण जांभा दगड बघून तू पोरासारखा झालास, हे मी विसरणार नाही. खाणीवर लोक चिरे काढत होते, कुदळीने, मऊ खरवस कापावा तसे. तू एक तुकडा हातात घेऊन म्हणालास, "दगड हाये का भाकर? भोकंच भोकं." खाणवाल्याने सांगितलं की वाऱ्यावर ठेवला की हाच चिरा कडक होतो, जितका जुना तितका घट्ट. तू परतताना तो तुकडा उपरण्यात बांधून आणलास. तुझ्या मुलखात पावसात चिखल होणारी आणि उन्हात भेगाळणारी माती. वाऱ्याने बळकट होणारी वस्तू तू पहिल्यांदा पाहत होतास.

आपलं खरं भांडण झालं ते पायवाटेवरून. आमच्या वाडीतून कोळ्यांची एक वाट खाली होड्यांकडे जात होती. मला ती गडगा घालून बंद करायची होती. सुकी मासळी डोक्यावर घेऊन बायका घराच्या ओटीसमोरून जाणार, हे मला चालणार नव्हतं. तू आखणीचा चुना टाकत होतास. हात थांबवून विचारलंस, "ही वाट कवापासून हाये?"

"असेल जुनी. जमीन माझी आहे."

"धुऱ्याच्या दाव्यात तूच साहेबाले सांगे ना, आमचे बैल बापजाद्यापासून तिथून जातात, म्हून वहिवाट आमची? मंग हे काहून परके?"

"ते वेगळं प्रकरण होतं."

"कसं वेगळं? तवा तू आमचा वकील होता, एवढंच वेगळं."

मी तुला नीट समजावून सांगितलं की दोन्हींत फरक आहे. कायद्याने माझंच बरोबर होतं, श्रीपत, आणि आजही आहे. तू ते कधी मान्य केलं नाहीस. तू चुन्याची पाटी खाली ठेवलीस आणि म्हणालास, वाट बंद करायची असेल तर दुसरा माणूस पाहा. आणि खरोखरच जाऊन गाठोडं बांधायला लागलास. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्याच वाटेने मी लहानपणी समुद्रावर जायची. ती बुजवलीस तर मी कुठून जाऊ?"

वाट राहिली. तू घर तिच्यापासून थोडं तिरपं वळवलंस, ओटीचं तोंड वाटेकडे न ठेवता माडांकडे ठेवलंस. त्यामुळे जाणाऱ्यांना आमची अडचण नाही आणि आम्हाला त्यांची नाही. हे तू भांडणाच्या आधी सांगितलं असतंस तर भांडणच झालं नसतं. पण मग तुला मजा कुठली आली असती.

उंचवट्यावर तू शेवटी काहीच बांधू दिलं नाहीस. तिथल्या रेतीत तुला जुने शिंपले सापडले होते. ते माझ्यापुढे धरून म्हणालास, "हा इथवर येऊन गेलेला हाये. आपल्या आजोबाच्या आधी. त्याचीबी वहिवाट हाये." मी हसलो. तू हसला नाहीस.

मग पावसाळा उलटल्यावर काम सुरू झालं आणि एक सबंध हंगाम तू तिथे राहिलास. वावर भावाच्या हवाली केलंस. त्याच सुमारास लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचे भाव कोसळले. अकोल्यात अर्धवट बांधलेली घरं तशीच उभी राहिली, आमच्या आळीतले दोन दलाल रातोरात गाव सोडून गेले. तुझ्या भावाचा निरोप आला की परत ये. तू आलास, पण छपरावर शेवटचा नळा चढल्यावर. तुझं घरी काय नुकसान झालं ते मी विचारलं होतं. "होते अमदा, होत नाही पुढच्या साली," एवढंच म्हणालास, आणि विषय बदललास.

घर झालं तेव्हा मला ते पहिल्या नजरेत फार लहान वाटलं. मोठं आहे, पण लहान वाटतं. किनाऱ्यावरून वर बघितलं तर उंडीच्या काळ्या हिरव्या रांगेमागे छपराची नुसती एक लाल कड दिसते. समुद्राच्या बाजूची पडवी इतकी खाली उतरलेली की मला मान वाकवावी लागते. लोखंड तू जवळजवळ कुठे वापरलंच नाहीस; तिथला वारा खिळे खातो हे आईने सांगितलं आणि तू लाकडी खुंट्यांनी सगळं सांधलंस. पावसाचं पाणी वाहून जायचा जुना वहाळ तसाच ठेवलास आणि जोतं त्याच्या बाजूने उचलून घेतलंस. एकही उंडी तुटली नाही. केवड्याच्या बनातून तू फक्त एक वाकडी वाट काढलीस, आईच्या पायांना झेपेल अशी.

आणि माजघराच्या दाराबद्दल मला सांगितलंच पाहिजे, कारण आपण दोघेही त्यावर कधी बोललो नाही. दार कुठे ठेवायचं हे तू आईला विचारलंस. ती म्हणाली, "चुलीपाशी बसून मला ओटीवर जेवणारा दिसला पाहिजे." ओटीवर कोण जेवतं, हे आपल्या तिघांनाही ठाऊक होतं. अकोल्यात आमच्या घरी तू इतकी वर्षं आलास, आणि तुझं पान ओटीवर, माझं आत. वाढून झालं की आई आत यायची आणि तू भिंतीकडे तोंड करून जेवायचास. ती रीत तिला मोडता आली नाही, मलाही नाही. पण या घरात दार असं आलं की पहिल्या दिवशी तू जेवायला बसलास तेव्हा ती चुलीपासूनच म्हणाली, "श्रीपत, आमटी संपली तुझी." तू मान वर केलीस. मी आत माझ्या पाटावर होतो. उठून बाहेर तुझ्या शेजारी येऊन बसावं असं मला फार वाटलं. बसलो नाही.

निघायच्या आधी आपण माडीवरून भांडलो. मला अजून ती हवी होती. निदान एक लहानशी, एका टोकाला, जिथून उंडीच्या वरून समुद्र दिसेल. तू म्हणालास, छपराचा उतार मोडेल आणि वारा तिथेच शिरेल. मी म्हटलं, घर माझं आहे. तू म्हणालास, "घर मायचं हाये." तेही खरंच होतं. शेवटी असं ठरलं की दिवाळीनंतर तू परत यायचं, तोवर एक पावसाळा होऊन जाईल, घर कसं बसतं ते दिसेल, मग पुन्हा भांडू.

आता मी काय करू? माडी बांधली तर कोण अडवणार आहे. पण समोरचा पक्षकार हजर नाही म्हणून मिळालेला निकाल मी कचेरीतसुद्धा कधी आनंदाने घेतला नाही.

तुझ्या तेराव्याला हिवरखेडला गेलो होतो. तुझ्या भावाने सांगितलं, सकाळी वखर घेऊन गेलास, दुपारी बांधावर बसलेला सापडलास, आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. गावात आणखी काही घरांत तेच झालं होतं. निघताना सगुणावहिनी दाराआड आल्या. तुझ्या बायकोचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, एक विचारू का? ते सांगत, तिकडं एका जागी जमीन संपते. मी म्हणो, काहीबाही सांगून रायले. जमीन कशी संपन?"

"संपते, वहिनी," मी म्हटलं.

"मंग पुढं काय असते?"

मी भर कचेरीत तासन् तास बोलणारा माणूस. पाणी असतं, म्हटलं. त्या म्हणाल्या, "घरी आल्यापासून तेच सांगत. त्या घराचं, त्या दगडाचं. मले वाटे, माणूस आपल्या वावराचं एवढं बोलत नाही." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. तू ज्याच्यावर इतका जीव लावलास ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं, एवढंच होतं.

तिथून परस्पर इकडे, समुद्राकाठी आईकडे निघालो. आईला पत्राने कळवायचं माझ्या मनात येईना; तिला ते दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं असतं. पावसाने समुद्र बंद व्हायच्या आत पोचलो. ती परसात आंब्याची साटं वाळत घालत होती. मला एकट्याला बघून तिने विचारलं, "श्रीपत नाही आला?" मी सांगितलं. तिने हातातलं साट नीट पसरलं, त्याच्या कडा सारख्या केल्या. मग विहिरीवर जाऊन अंगावर पाणी ओतून घेतलं. त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, आई, आपल्याला सुतक नाही. "मला आहे," ती म्हणाली.

मला तिला पावसाळ्यापुरतं अकोल्याला न्यायचं होतं. या घराने अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही, श्रीपत, आणि काही झालं तर ज्याला हाक मारायची तो माणूस आता नाही. मी तिला हे सरळ सांगितलं. भीती वाटते म्हणालो. तिने भिंतीला टेकून बसत मला विचारलं, "त्याने घाईने बांधलंय का कुठे?"

"नाही."

"मग मी इथेच राहते."

रोज दुपार कलल्यावर ती काठी घेऊन केवड्यातल्या वाटेने खाली जाते. कोळणी तिला वाटेत भेटतात, टोपली खाली ठेवून बोलतात. एक जण तिला हात देऊन उतरवते. काल मी मागोमाग गेलो. ती लाटेच्या अलीकडे उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी अकोल्यात इतक्या वर्षांत पाहिलं नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. तू हयात असतास तरी मानले नसते. तुला रागच आला असता.

संध्याकाळी ओटीवर बसलो होतो. ती एकाएकी म्हणाली, "तिचं काय?"

"कुणाचं?"

"सगुणाचं. तो सारखा नाव घ्यायचा."

मी तिला हिवरखेडचं सगळं सांगितलं. जमीन संपते का, हे विचारल्याचंही. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "नारळी पौर्णिमा होऊ दे. समुद्र उघडला की तिला इकडे घेऊन ये. नवऱ्याने काय केलं ते तिने बघायला नको?"

मी म्हटलं, विधवा बाई, एवढा लांबचा प्रवास. तिचे दीर पाठवणार नाहीत.

"तू वकील आहेस ना? मग बोल त्यांच्याशी. म्हणावं, म्हातारीने बोलावलंय."

"आणि आई, इथे तिला बसवायचं कुठे?"

हा प्रश्न मी का विचारला हे तिला कळलं. उंडीतून वारा येत होता, छपरावरून निघून जात होता.

"माझ्याजवळ," ती म्हणाली. "आत, चुलीपाशी. आता मला कोण काय म्हणणार आहे?"

समुद्र उघडला की मी हिवरखेडला जाणार आहे, श्रीपत. तुझा भाऊ पहिल्यांदा नाहीच म्हणेल. मी पुन्हा जाईन.